मागे केलेला हात

सभेचे अध्यक्ष मुत्तुकुमारस्वामी अय्या, जिल्हा छायाचित्रकार संघाचे पदाधिकारी, कुंभकोणमच्या मंगल कार्यालयांचे मालक आणि समोर बसलेल्या माझ्या अक्का-तंबींनो,

सत्कारमूर्तींच्या पत्नीनं दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. दोनच बोलणार होते, पण मानपत्र ऐकलं आणि राहवेना. 'तंगरासूंच्या कॅमेऱ्यातून लग्नातला एकही क्षण कधी सुटला नाही.' टाळ्याही छान पडल्या.

कसा सुटेल? एका कॅमेऱ्यातला रोल संपला की आमचे हे, हात मागे करायचे. मान वळायची नाही. रिकामा कॅमेरा माझ्या हातात, भरलेला यांच्या. मग मी खांबाआड पदराच्या सावलीत नवा रोल घालायची. पाठीमागे नादस्वर-तविल एकदम कडाडले की समजायची, नवऱ्यानं नवरीच्या गळ्यात ताळी बांधली. इतकी लग्नं केली, पण बांधताना एकदाही पाहिली नाही. लोकांच्या मुली होत्या, चालून गेलं.

मग आमच्या पूंगोडीचं लग्न ठरलं. मी म्हटलं, "या वेळी तरी दुसऱ्या कोणाला बोलवा."

"माझ्या मुलीचे फोटो दुसरा काढणार? गाव तोंडात शेण घालेल."

"मग एकच कॅमेरा घ्या."

"आणि ऐन वेळी रोल संपला तर? जावयाला सांगू, गाठ सोड, परत बांध?"

हसलात ना? तेव्हाही सगळे हसले होते.

कन्यादान उरकलं आणि यांनी कॅमेरा उचलला. मी मुठीत अक्षता घेऊन उभी होते. तेवढ्यात तो हात मागे आला. अक्षता पदराला बांधल्या आणि खांबाकडे तोंड केलं. वाद्यं कडाडली. माझ्या लेकीचं लग्न मी कानांनी पाहिलं.

अल्बम आल्यावर पूंगोडीनं विचारलं, "अम्मा, तू कुठंयस गं?" हे म्हणाले, "अगं, ती होती म्हणून तर काही सुटलं नाही!"

माझं सुटलं, अय्या. ते कोणत्या मानपत्रात लिहायचं?

पुढच्या महिन्यात धाकट्या तेनमोळीचं लग्न आहे. रोल आणून ठेवलेत यांनी. मला विचारलेलं नाही. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, हे आज चारचौघांत सांगून ठेवते.

शाल दिलीत, मान दिलात, संघाची मी ऋणी आहे. बाईमाणूस जरा जास्तच बोललं असेल, तर पोटात घाला.

आणि हे बघा. माझे फोटो काढता काढता यांचा रोल संपला, आणि हात मागे गेला.

अहो, मागे कोणी नाही. मी इथं उभी आहे.