श्वास अलग, शरीर अलग अन् पोचूच्या बकऱ्या

आता तुमीच सांगा, ज्या मानसानं जिंदगीत कधी मंत्र धरलाच नाई, त्यानं सोडाचा कोनता? पन नाई! मास्तर म्हनते सोडा, बायको म्हनते सोडा, साळा म्हनते भाऊजी, सोडून द्या न बाप्पा एकदाचा... जसा काही मी बिडी ओढून राह्यलो! श्वास अलग, शरीर अलग, मंत्र अलग. हे तिन्ही अलग करा म्हनते. तुम्हाले सांगतो, मी घुग्घुसच्या खदानीत कोळसा भरनारा मानूस. मले म्हना, सोमाजी, कोळशातून दगड अलग कर, करून देतो. पन श्वास कशानं अलग कराचा? चाळनीनं?

अन् हे सारं सुरू कुठून झालं, त माह्या झोपेतून. मी झोपेत बोलतो म्हनते. मले कसं माहीत राहीन, मी त झोपून राह्यतो. पन एक दिवस सकाळी आमच्या कमलानं चहा समोर आपटला. आपटला म्हनजे कप नाई फुटला, पन चहा अर्धा बशीत. म्हनते, "चांदी कोन हाय?"

मी म्हनलं, "आँ?"

"आँ नाई. चांदी कोन हाय? भुरी कोन हाय? काल डोरलीचं नाव घेतलं, परवा काळीचं. अन् ते लंगडी कोन व्हय? लंगडीबी सोडली नाई तुमी?"

मी खरं त्येच सांगतलं. म्हनलं, "बकऱ्या हायेत त्या."

"कोनाच्या?"

"पोचूच्या."

"दुसऱ्याच्या बकऱ्यांचे नाव तुमी झोपेत काऊन घेता?"

आता याचं उत्तर काय द्याचं? उत्तर नव्हतं असं नाई, होतं. पन ते उत्तर दिलं असतं त तिनं मले खदानीत जाऊच दिलं नसतं. झालं असं होतं का, मांगच्या हिवाळ्यात कमला आपल्या बहिनीच्या बाळंतपनाले नागभीडले, माहेरी गेली होती, अन् इकडे आमच्या खदानीत छत पडलं, अन् मी अन् माह्या संगं कामाले असलेला पोचू मांगच्या बाजूले अडकलो. ते परत आली तवा मी काय सांगतलं? "थोडं छत पडलं होतं, कोनाले काही नाई झालं." अन् खोटं कुठी होतं? पडलं होतं. नाई झालं. थोडं होतं का जास्त होतं, ते काय मी मोजाले बसलो होतो? चाळीतल्यांलेबी हात जोडून सांगतलं होतं, तिच्याजवळ बोलू नका.

म्हून मी म्हनलं, "मले काय माहीत काऊन घेतो."

मानसानं असं म्हनलं का बाई काय समजाचं ते समजते. दोन दिवस मले भाजीत मीठ नाई. तिसऱ्या दिवशी नागभीडहून साळा आला, रामाजी. त्यानं सारं ऐकलं, मान हालवली अन् म्हनते, "बाई, याहिले ध्यानाले बसव. आमच्या गावी श्रीहरी मास्तर हायेत, रिटायर स्टेशनमास्तर, शाळेले सुट्ट्या लागल्या का वर्गात शिबिर घेते. भल्याभल्याची बडबड बंद केली त्याइनं."

कमला म्हनते, "मीबी येते." माह्यावर नजर ठेवाले, अजून कायले!

हे चौऱ्याऐंशीची गोष्ट हाय, उन्हाळ्यातली. नागभीडची शाळा, वरते कवेलूचं छत, खाली सतरंजी, एका बाजूले मानसं, एका बाजूले बाया, अन् समोर टेबलावर मास्तर. मानूस चांगला बरं का, उगाच नाव नाई ठेवत. पन मूळचा आपल्या इकडला नाई, पुस्तकासारखं बोलते. म्हनते, "हे पाहा, श्वास म्हणजे गाडी. गाडी आत आली, गाडी बाहेर गेली. तुम्ही फलाटावर उभे राहून पाहायचं. चढायचं नाही. झेंडीसुद्धा दाखवायची नाही. शरीर म्हणजे फलाट, तो जागच्या जागी. आणि मंत्र म्हणजे फलाटावरचा चहावाला. ओरडू द्या. आपल्याला चहा घ्यायचा नाही. श्वास वेगळा, शरीर वेगळं, मंत्र वेगळा!"

अन् बोलाचं नाई! पूर्न शिबिरभर मौन! मले ते बरंच वाटलं, कमलाले बोलता येत नाई म्हनजे मले आराम. पन बाईले बोलाले तोंड कायले लागते? जेवनाच्या पंगतीत समोरून अशी पाहे... वरनात हात बुडवाची हिंमत नाई होत होती.

मौन सुरू व्हाच्या आंधी मास्तरनं एकेकाले विचारलं, "तुमचा मंत्र कोणता?" एकाचा रामाचा होता, एका बाईले कोन्या महाराजानं कानात सांगतला होता. मास्तरनं त्याइले म्हनलं, बाहेर चपलांजवळ ठेवा. माही पाळी आली. मी म्हनलं, "साहेब, आमी बुद्धाचे, माह्याजवळ मंत्र नाई." ते म्हनले, "त्रिशरण म्हणता ना? ते सकाळी म्हणा, मनापासून म्हणा, पण ध्यानात फक्त श्वास." मी म्हनलं, हाव. माहं काय गेलं? बाकीच्याइले अर्धा दिवस आपला मंत्र सोडाले लागन, मी त मोकळाच आलो, मी पहिला नंबर येईन!

बसलो. डोये बंद केले. श्वास आत घेतला... चांदी.

सोडला... भुरी.

घ्या! मी डोये उघडले. पुन्हा बंद केले. श्वास आत, काळी. बाहेर, डोरली. आत, कानतुटी. बाहेर, लंगडी. अन् पुन्हा चांदी! माहा फलाट पूर्न बकऱ्यांनी भरला, गाडी दिसन कुठी? मले हाकलता येईना. तेवढ्यात खरीच गाडी आली. नागभीडची छोटी गाडी तुम्हाले माहीत असन, येते कमी अन् ओरडते जास्त. शिटी मारली, साऱ्यांचे डोये बंद, पन मास्तरचा हात आपसूक घड्याळाकडे गेला. मी पाह्यलं ना! म्हनलं, तीस वर्षांची गाडी याहिच्यानं अलग होत नाई, अन् मले म्हनते बकऱ्या अलग कर!

दुपारी मास्तर माह्याजवळ येऊन हळूच म्हनले, "सोमाजी, तुमचे ओठ हलताहेत."

मी इशाऱ्यानं सांगतलं, काय करू?

म्हनते, "मंत्र आहे तुमचा. असेल तो असो. एकदा, फक्त एकदा, श्वास त्याच्याशिवाय घेऊन पाहा."

म्हनलं, घेऊन पाहू. आता हसू नका बरं. मी चांदीले बाजूले सारलं, अन् श्वास घ्याले गेलो, त श्वास येईना! छाती इथीच्या इथी. वर्गात खिडक्या उघड्या, झळा येऊन राह्यल्या, साऱ्या मानसांले पुरून उरन एवढी हवा, अन् मले एक श्वास भेटत नाई. डोक्यावर कवेलू होते न, ते खाली येऊन राह्यले असं वाटलं. अंगाले घामाची धार. मी उठून पळाले गेलो, पाय सतरंजीत अडकला, आडवा पडलो, अन् त्या मौनात, सुई पडली त ऐकू येईन अशा शांततेत, मी जीव तोडून ओरडलो, "चांदी! भुरी! काळी!"

श्वास आला.

अन् बायांच्या बाजूनं आमची कमला उभी राह्यली. मौन गेलं तेल लावत. म्हनते, "आता साऱ्यांच्या समोर सांगा. इथी, मास्तरच्या समोर. कोन हायेत ह्या?"

मी पडल्या पडल्याच सांगतलं. उठाची ताकद कुठी होती!

म्हनलं, कमला, थोडं छत नाई पडलं. पूर्न पडलं. वाट बंद झाली. पोचू छताले लाकडाचे टेके लावनारा, मी कोळसा भरनारा, आमी दोघंच मांगं राह्यलो. धूळ अशी का टोपीवरचा दिवा स्वतःलेच दिसेना. मंग पोचूनं दिवे बंद केले, म्हनते नंतर लागन. त्या अंधारात मी ओरडलो, भित्तीवर बुक्क्या मारल्या, तुह्या नावानं रडलो, अन् जितका रडे तितका दम लागे. पोचूनं माह्या पोटावर हात ठेवला. तो गोंडपिपरीच्या तिकडला, जंगलातल्या गावचा, कमी बोलनारा. म्हनते, "सोमाजी, हवा थोडी हाय, अशी पिऊ नको. माह्या घरी बकऱ्या हायेत. एका श्वासात एकच बकरी येऊ दे. घाई करू नको, त्या घाई करत नाईत." अन् तो एकेक नाव सांगे. चांदी. मी श्वास घेऊ. भुरी. मी सोडू. लंगडी आली का तो म्हने, "हिले वेळ लागते, थांब." अन् मी थांबू. किती वेळ ते मले नाई माहीत. बाहेरून फावड्याचा आवाज आला तवा कानतुटी चालू होती.

 

कमला खाली बसली. माहं डोकं मांडीवर घ्यावं, काही गोड बोलावं? नाई! म्हनते, "अन् मले सांगतलं, थोडं छत पडलं. थोडं!" अन् माह्या दंडावर अशी थापड मारली का मास्तर टेबलावरून उतरले. मंग रडली. मंग पुन्हा मारली.

मास्तरनं मले पानी दिलं. मंग म्हनते, "सोमाजी, मी सांगतो ते चुकीचं नाही. श्वास वेगळा, मंत्र वेगळा, हे आहेच. पण तुमच्या बकऱ्या एवढ्यात विकू नका. फक्त हळूहळू जरा लांब चारायला नेत जा." बरं बोलले का नाई? पन लांब म्हनजे किती लांब, ते काही सांगतलं नाई.

शिबिर संपलं. मले वाटलं, चला, मिटलं. कमला म्हनते, "मले त्या बकऱ्या दाखवा."

"काऊन?"

"दाखवा म्हनलं न."

विश्वास अजून पूर्न बसला नव्हता, तुम्हाले सांगतो! एसटीनं गोंडपिपरी, तिथून एका बैलबंडीवर, मंग पायी. मोहफुलाचा वास असा का डोकं जड व्हावं. पोचू त्या दिवसानंतर खदानीत आलाच नव्हता, हिसाब करून सीधा गावाले गेला होता. आंगनात बसून दोर वळून राह्यला होता. मले पाह्यलं, त नुसता हसला. त्याची बायको सुकरी, तिनं पानी आनलं. कमलानं पानीबी नाई पेलं. उभ्या उभ्या विचारते, "पोचूभाऊ, तुमच्या बकऱ्या कुठी हायेत?"

"चराले गेल्या."

"तुमी खदानीत होते तवाच्याच न ह्या?"

पोचूनं दोर खाली ठेवला. म्हनते, "नाई बाई. तवा माह्याजवळ बकरी कुठी होती?"

बाप्पा! माह्या पायाखालची जमीन... म्हनजे वरतं छत पडलं तवा इतका घाबरलो नव्हतो! कमलानं माह्याकडे पाह्यलं. तुमी त्या नजरेत राह्यले असते त तुमचाबी श्वास शरीरातून अलग झाला असता, फुकटात, शिबिराशिवाय!

मी म्हनलं, "अबे पोचू, तूच त म्हनला होता घरी बकऱ्या हायेत!"

तो म्हनते, "मीबी भेलो होतो. काहीतरी सांगाले पायजे होतं. तू रडून राह्यला होता, मी रडलो असतो त दोघं गेलो असतो. तोंडात आलं ते नाव घेतलं."

तवा सुकरी मधात बोलली. म्हनते, "हे घरी आले, त याहिलेबी झोप नाई. उठून बसत, दम लागे. नुसत्या नावानं होईना. मंग बाजारातून एकेक करून आनल्या. जशा सांगतल्या होत्या तशाच पायजेत म्हने. लंगडी त भेटतच नव्हती. चांगल्या पायाची बकरी साऱ्या बाजारात, लंगडी कोन विकाले आनते? लई फिरले."

तेवढ्यात उन्हं उतरली, अन् बकऱ्या आल्या. पोचूनं हाक नाई मारली. माह्याकडे पाह्यलं, म्हनते, "तू मार."

मी म्हनलं, "चांदी..." पुन्हा म्हनलं, "चांदी!" एक पांढरी बकरी थांबली, मान वळवली, अन् आली. भुरी आली. काळी, डोरली आल्या. कानतुटीचा एक कान अर्धा. साऱ्यात मांगं लंगडी, आपल्या हिसाबानं येऊन राह्यली. पोचू म्हनते, "थांब, हिले वेळ लागते." अन् आमी दोघं थांबलो. मी त्याच्याकडे नाई पाह्यलं, त्यानं माह्याकडे नाई पाह्यलं.

कमला लंगडीजवळ बसली, तिच्या पाठीवर हात फिरवला, अन् मंग सुकरीचं पानी पेली.

आता म्हनान, झालं न भाऊ सारं चांगलं, मंग कायची कटकट करून राह्यला? सांगतो न. मी पुन्हा खदानीत जातो, जा लागते, अजून काय येते मले? बकऱ्या बऱ्याच लांब चराले जातात आताशा, कधी कधी श्वास एकटाच येतो अन् एकटाच जातो. मास्तर खुश. पन ध्यान आमच्या कमलानंच मनावर घेतलं! मी ड्युटीवर गेलो का बाई चटई टाकून बसते. परवा शेजारची बायनाबाई मले वाटेत म्हनते, "सोमाजीभाऊ, तुमच्या कमलाचं काही जमून नाई राह्यलं. श्वास आत घेते, म्हनते सोमाजी. सोडते, म्हनते सोमाजी. तुमी वरते येतपर्यंत भित्तीतून हेच ऐकू येते."

मी जागीच उभा राह्यलो. कारन तुम्हाले सांगतो, लग्न झाल्यापासून ह्या बाईनं माहं नाव घेतलं नाई. ऐकलं काय, अवो, हे... रेशनवाल्यानं नवऱ्याचं नाव विचारलं त म्हने, "रविवारच्या नंतरचा वार, अन् त्याले जी लावा!"

धावत घरी आलो. तोंडबी नाई धुतलं, तसाच काळाकुट्ट समोर बसलो. म्हनलं, "कमला, माह्यासमोर घे न एकदा."

लाजली. पदर तोंडाले लावला. म्हनते, "इश्श! मंत्र कोनाले सांगाचा नसते."

कोनाले, म्हनते! साऱ्या चाळीनं ऐकलं, बायनाबाईनं ऐकलं... अन् ज्याचं नाव, तो तवा जमिनीखाली. घ्या!