टेबलाखाली लागलेला पाय

हसू नको रे, मस्कतला नोकरीला निघालायस म्हणून सांगतोय. आमच्या तुर्भ्याच्या कंपनीने मला नवीन मशीन शिकायला जर्मनीला पाठवलं, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच मीटिंगमध्ये टेबलाखाली माझा बूट तिथल्या मोठ्या साहेबाच्या पायाला लागला. आपली सवय! पटकन वाकलो, त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि तोच हात छातीशी नेला. साहेब ताडकन उठून उभा.

मीटिंग संपल्यावर त्याने केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आता परत पाठवणार. इकडे वाशीत बायकोने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटलेले, आणि मी आठ दिवसांत बॅग घेऊन दारात!

"मघाशी काय केलंस ते?" साहेबाने विचारलं.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "सर, कुणाला चुकून पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो."

तो म्हणाला, "जा."

परत पाठवलं नाही. पण पुढचे तीन महिने मी समोर येऊन बसलो, की तो दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचा. मी त्याला टरकून होतो, आणि तो माझ्या नमस्काराला!