कांडी, वीस सेकंद आणि आमचे हे

...आणि एक ट्यूब संपली की दुसरी ट्यूब, तुम्हाला सांगते, तीन वर्षं! बुरशीच्या खाजेवरची ट्यूब. दिली कुणी? केमिस्टनं. त्याला मी काय सांगणार, काउंटरवर वाकून पुटपुटायचे, "ते... बायकांचं..." की तो मान खाली घालून पुडी पुढे सरकवायचा. मी शिवणकाम करते हो, दिवसाचे नऊ तास स्टुलावर, आणि बसल्या जागी ती आग म्हणजे... जाऊ दे. मोठ्या जाऊबाईंना सांगून पाहिलं, तर म्हणाल्या, "अगं, होतं बायकांना तिथे, पाणी पीत जा." तिथे म्हणजे कुठे? नाव घ्यायचं नाही!

आता आमचे हे. स्वभावानं गरीब, पण तोंडाला कुलूप. मी आपली उशी उचलली आणि शिवणाच्या खोलीत झोपायला गेले. म्हटलं, पहाटे उठून कापड बेतायचंय. कसलं कापड नि कसलं काय. एकदा दारात येऊन म्हणाले, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "तुमचं कुठे काय." झालं बोलणं. जवळ आलात की दुखतं, वास येतो, माझीच मला शिसारी येते, एवढंच सांगायचं होतं ना? पण नाव घ्यायचं नाही. त्यांना वाटलं, हिला आपला कंटाळा आला. दोन वर्षं तो माणूस सकाळचा चहा माझ्या दाराबाहेर ठेवून न बोलता जायचा. आणि आठ महिन्यांपूर्वी गेले. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या.

थांबा, डोळे पुसू नका, गंमत पुढेच आहे. भाचीनं मला ओढत नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "ट्यूब बंद. अंदाजपंचे औषध नको. मॉलिक्युलर टेस्ट करू, म्हणजे जंतू कुठला ते त्याच्या जनुकांवरून नक्की कळेल. नमुना तुमचा तुम्हालाच घेता येतो." लॅबमधल्या मुलीनं कांडी दिली आणि आवाज इतका बारीक केला, की मी कान पुढे केला. "काकू, आत घालायची, हळूच गोल फिरवायची, वीस सेकंद." म्हटलं, "कुठे आत?" "आत हो काकू... आतमध्ये." ती लाल, मी लाल. आता साथीच्या दिवसांत आपण सगळ्यांनी कांडी कुठे घालून घेतली होती, सांगा? मी संडासात गेले, कडी लावली आणि नाकात घातली. वीस मोजले, सतराला शिंक आली तरी मोजले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन. "ताई, नमुना बरोबर नाही. कुठून घेतलात?" म्हटलं, "नाकातून." मग म्हणाल्या, "योनीतून, ताई. योनीतून." अगदी स्वच्छ, जशी मी गिऱ्हाइकाला बाही म्हणते तशी. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नाव घेतलं. मला हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते आवरेना.

पुन्हा कांडी, या वेळी जागेवर. निकाल आला, बुरशी नव्हतीच मुळी! ट्रायकोमोनास म्हणून एक परजीवी. त्या ट्यूबनं त्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. औषध काय, तर गोळ्या. किती दिवस? सात. अहो, सात दिवसांत आटपणारं दुखणं मी तीन वर्षं मांडीखाली घेऊन बसले होते! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो संबंधातून येतो, वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, कुणाकडून कुणाला ते टेस्ट सांगू शकत नाही. म्हटलं, गप्प बसणारे आमच्या घरात आणखी दोघं होते. संशय घ्यायचा तरी कुणावर आणि भांडायचं कुणाशी? भांडलो असतो तर निदान बोललो तरी असतो.

मग त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. फॉर्मवर मीच सवयीनं 'विवाहित' लिहिलं होतं ना. "ही तुमची, ही मिस्टरांची. दोघांनी बरोबरच घ्या, नाहीतर त्यांच्याकडून पुन्हा लागण होईल."

म्हटलं, "नाही होणार, डॉक्टर. ते वारले."

त्या बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या, दुसरी चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, असू द्या. दोघांनी बरोबर काही करा असं आम्हाला सांगणारं माणूस आत्ता कुठे भेटलंय.