एकजीव

नाही, ते सगळं छापलंय तुमच्या पुस्तकात, मी वाचलंय — सात कामं करतं, चिरतं, किसतं, मळतं, फेटतं, दळतं, आणखी काय काय — करू दे ना, कोण नको म्हणतंय, पण आमच्या घरात त्यातली सहा कामं निघतच नाहीत आणि जे एक निघतं ते मी हातानं करतो. तेव्हा त्या सहांचं कौतुक मला ऐकवू नका. हे मुलीनं मागवलंय, मी नाही. ती तिकडे परमुलखात बसून फोनवर बटणं दाबते आणि इथे माझ्या दारात खोकी येऊन पडतात. गेल्या महिन्यात कसलीशी उशी आली, त्याच्या आधी रक्तदाब बघायचं यंत्र, आता हे — आणि ह्याच्यासोबत तुम्ही, वापरून दाखवायला. बसा. त्या स्टुलावर नको, तिथे माझ्या चाळण्या वाळतायत.

प्लग ओट्याच्या मागे आहे, पण थांबा, आधी मला बघू द्या. छत्तीस वर्षं लेथवर काढलीत मी, मला मोटरच्या गप्पा सांगायच्या नाहीत. हं. पातं बरं आहे. घट्ट बसतं, खेळ नाही — हा एक फायदा, धरला. पण ही खालची चकती बघा, पातं जिच्यात अडकतं ती — प्लॅस्टिकची. हिचे दात वर्षभरात झिजणार, मग मोटर गरगरत राहणार आणि पातं जागच्या जागी. सुटी मिळते? मिळत असेल, सगळंच सुटं मिळतं, पण ती येईपर्यंत आठवडाभर माणसानं उपाशी राहायचं का? तोटा एक. ही झाकणाची रबराची रिंग — हिच्या खाचेत अन्न अडकणार, दिसणार नाही, आणि आमच्या घरात अडकलेलं, शिळं काही चालत नाही, तोंडात जखम आहे बायकोच्या. तोटा दोन. मान डोलवू नका उगाच, पटलंय असं दाखवायला. पटलं नसेल तर नाही म्हणा.

ती आत खिडकीशी बसलीये ना, ती माझी बायको. सात महिन्यांपूर्वी तिची अर्धी जीभ काढली. बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं, तेव्हा तुम्ही जपून बोला. चावता येत नाही हे तर झालंच, पण घास मागे ढकलायचं काम जीभ करते हे मला तरी कुठे ठाऊक होतं — बारीकशी काही कणी राहिली की तिथेच अडकते, मग ठसका, मग डोळ्यांतून पाणी, मग दिवसभर जेवणाचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, गुठळी चालणार नाही. मी विचारलं, गुठळी म्हणजे केवढी, माप सांगा. ते म्हणाले, अहो काका, बारीकात बारीक. आता हे काय माप झालं? शेवटी मीच ठरवलं, अर्धा मिलिमीटर. तीन चाळण्या, तिसरी मी स्वतः केलीये, पितळी जाळी आणून, कडा वळवून. आधी शिजवायचं, मग घोटायचं, मग एकीतून, दुसरीतून, तिसरीतून चमच्याच्या पाठीनं दाबत उतरवायचं. वाटाणे असले तर सालं आधी एकेक करून काढतो. चाळीस वाटाणे, चाळीस सालं. करायला तास, भरवायला तास, दिवसातून तीनदा. आणि तुम्ही म्हणता चाळीस सेकंद. म्हणजे मी सात महिने काय माश्या मारत होतो?

आणि तो शब्द पुरे आता — एकजीव, एकजीव — आल्यापासून चारदा म्हणालात, मी मोजलंय. सगळं एकात टाका, बटण दाबा, एकजीव होतं. अहो, गाजर, बटाटा, मसूर सगळं एक झालं तर खाणाऱ्याला कळायचं काय, आपण काय खातोय? मी वेगळं ठेवतो. वाटीत तीन ढीग. गाजर देऊ का, असं विचारतो, तिनं डोळे मिटले म्हणजे हो. मग बटाटा देऊ का. आता तुम्ही म्हणाल, अर्धी जीभ, चव कळते का — नसेल कळत फारशी. पण विचारावं लागतं हो माणसाला. मी कधी विचारलंच नव्हतं, लग्न झाल्यापासून, तिला काय हवंय ते. ती वाढायची, मी खायचो, आणि खाताना नावं ठेवायचो, ते मात्र न चुकता. एकदा मीठ जास्त पडलं म्हणून ताट भिरकावलं मी — भिरकावलं म्हणजे सरकवलं, जरा जोरात सरकवलं, भिंतीपर्यंत गेलं ते. तिचा भाऊ आला होता जेवायला, त्याच्यासमोर. तिनं भिंत पुसली, फरशी पुसली, भावाला वाढलं. पण दुसऱ्या दिवसापासून माझं ताट बाहेरच्या खोलीत आणून ठेवायची आणि आत निघून जायची, ती बावीस वर्षं. बोलणं बंद नव्हतं, गैरसमज नको — गॅस संपलाय, मुलीचा फोन आला होता, एवढं बोलायची. पण माझ्यासमोर बसून घासभर अन्न तिनं खाल्लं नाही.

तुम्हाला कशाला सांगतोय मी हे. तुम्ही आपले भाजी टाका त्यात. काय शोधताय? हात पुसायला ते फडकं घ्या. आरसा? आरसा नाही बेसिनवर, काढून ठेवलाय, कपाटात आहे. तिचा चेहरा एका बाजूनं ओढला गेलाय, उगाच बघून वाईट वाटेल म्हणून. नर्स सांगत होती की आरशात बघून सवय केली तर चमचा नेमका कुठे ठेवायचा ते कळतं, दोन-तीन महिन्यांत पुष्कळ जणी स्वतःच्या हातानं जेवायला लागतात. म्हटलं, लागतील, घाई काय आहे, मी आहे ना घरात, मला दुसरं काम काय. तिच्या भल्यासाठीच काढला. अहो, असे बघू नका माझ्याकडे. तुम्ही यंत्र दाखवायला आलात, ते दाखवा.

आणि मुलीला काही कळवणार असाल तर हेही कळवा, की बाबा खुशीत आहेत. खरंच सांगतो, बायकोची जीभ गेली त्यात आनंद कसला, मी काही राक्षस नाही, रात्र रात्र बसून होतो हॉस्पिटलात — पण दिवसातून तीनदा ती माझ्यासमोर बसते, तोंड उघडते, माझ्याकडे बघते. तासभर. ते मला आवडतं. मला फार आवडतं ते. आता तुमच्या यंत्रातून इतकं बारीक निघतं म्हणता की भरवायचा तो तास सहा मिनिटांवर येणार, आणि उरलेल्या चोपन्न मिनिटांत मी करू काय, ते छापलंय का तुमच्या पुस्तकात? नाही ना? मग धरा तोटा तीन, आणि हा सगळ्यात मोठा.

चालू करा. — काय आवाज आहे हो. चार घरांपलीकडे कळेल, ह्यांच्याकडे जेवण होतंय. — झालं? एवढंच? बघू, बोटावर द्या जरा. थांबा, दोन बोटांत चोळून बघतो. सालासकट टाकले होते ना वाटाणे, मी बघितलं की तुम्ही टाकताना. मग साल गेलं कुठे? काही लागत नाही बोटाला. माझ्या तिसऱ्या चाळणीतूनसुद्धा इतकं — बरं, आहे बारीक, नाही म्हणत नाही. पण फेस बघा किती आलाय, वारा धरणार पोटात. खाली बसतो? कधी बसतो? आणि ग्लासात कशाला ओतताय, वाटी घ्या, ती निळी, आणि तो छोटा चमचा. दूध घेते ती ग्लासानं, मान जरा मागे टाकते आणि घेते, पण दूध पातळ असतं, जेवणाचं तसं —

तू का उठलीस? आवाजानं उठलीस का? बस जाऊन, आणतोच मी तिकडे. हे कंपनीचे आलेत, तुझ्या लेकीनं धाडलंय हे. अगं, चमचा घेतो ना मी — अगं, तो ग्लास ठेव. ठेव तो. ठसका लागेल. अहो, तुम्ही दिलात कशाला तिच्या हातात? हळू. मान मागे — हळू जरा —

संपला.

नाही लागला ठसका. बघितलंत? उभ्या उभ्या, सगळा ग्लास. तोंडही स्वतःच पुसलं पदरानं. अगं, ग्लास मी धुतो, राहू दे. काय हवंय? आणखी? देतो, तू बस — तुला कुठे येतंय ते चालवायला, आधी झाकण फिरवून — बसवलंन बघा. एकदा बघितलं आणि बसवलंन. गाजरं कुठे ठेवलीत तेही ठाऊक आहे तिला, तिचंच स्वयंपाकघर. मीठ? अगं, डॉक्टरांनी मीठ — बरं, घाल. घाल तुला हवं तेवढं. मी कुठे काय म्हणतोय.

काय? बोलून नाही तर खुणेनं सांग, बोट कुठे दाखवतेस? बाहेर? ह्यांना सांगतेस ना, ह्यांना बाहेर बसा म्हणून? मला? मी बाहेर बसू? कशाला, मी इथेच आहे, तू घे सावकाश, मी नुसता समोर बसतो, भरवत नाही काही — बरं. बरं, जातो. चला हो, तुम्हीही चला.

दार लोटलं वाटतं तिनं. असू दे, वारा येतो त्या खिडकीतून. लोटलंयच नुसतं. कडी वाजली? नाही, मला नाही ऐकू आली. तुम्हाला आली? तुम्हाला विचारलंय का मी? तुम्ही आपला तो कागद काढा, घ्या सही, इथे ना — आणि लिहा, यंत्र चांगलं आहे, ग्राहकाची काही तक्रार नाही. पिशवी उचला तुमची. निघा आता, मला जेवायचंय अजून.