प्रत्येकी पाचशे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य डॉ. योगेंद्र देवरे, संस्थेचे चिटणीस मा. रतिलालशेठ, सत्कारमूर्ती प्रा. जीवराम सोनवणे सर, सौ. वहिनी, आणि यंदाच्या वर्षात नवव्यांदा प्रत्येकी पाचशे रुपये देऊन या सभागृहात बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

वर्गणीबद्दल तुमची कुरकुर मी ऐकली आहे. ती ऐकणं माझं कामच आहे. आपल्या महाविद्यालयात निरोपाची यादी सोनवणे सर लिहितात आणि ती घेऊन वसुलीला मी फिरतो. गेली अकरा वर्षं यादीच्या माथ्यावर सरांच्या सुंदर अक्षरात एकच ओळ असते: प्रत्येकी पाचशे.

सरांनी देवपुरातल्या या इमारतीत एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. कोणता देश कुणाकडून किती कर घेतो, हा त्यांचा जीव की प्राण. फिनलंडमध्ये गाडी जोरात हाकली तर दंड माणसाच्या कमाईवर ठरतो, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. एकदा जळगावच्या सराफाच्या मुलानं विचारलं, "सर, मग तिथं ड्रायव्हर गरीबच ठेवायचा ना?" त्या मुलाचं पुढं चांगलं झालं. तो करसल्लागार आहे.

आखातातल्या काही देशांत पगारावर करच नाही, नॉर्वेत साठवलेल्या संपत्तीवरही आहे, आपल्याकडचा संपत्ती कर दहा वर्षांपूर्वी गेला आणि वारसा कर त्याच्याही तीस वर्षं आधी. सर विचारायचे, "मग उरलं काय?" आणि खिशातून साबणाची वडी काढायचे. "ही शेठ घेवो की मोलकरीण, कर तेवढाच. सगळ्यांना सारखा कर म्हणजे समता, असं पेपरात लिहिणाऱ्याला मी नापास करीन." सरांनी खरंच नापास केले आहेत. दोघं इथं तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

सर, मान हलवू नका. माझं अजून संपलेलं नाही.

गेल्या गुरुवारी सरांच्याच निरोपाची, सरांच्याच अक्षरातली यादी घेऊन मी ताईबाईंकडे गेलो. त्या सतरा वर्षं आपले वर्ग झाडतात. पगार कंत्राटदाराकडून, नऊ हजार. म्हटलं, "अक्का, पाचशे."

त्यांनी झाडू भिंतीला लावला. "सर, यंदा हाऊ नववा निरोप शे. बठ्ठासले मी निरोप दिधा. मना निरोप कव्हय?"

"सगळ्यांना दिला तसा तुमचाही, रिटायर व्हाल तेव्हा करू की."

"तीस तारीखले मना बी शेवटना दिन शे."

सरांचाही शेवटचा दिवस तीसच. मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला होतं? मी मग आपण सगळे म्हणतो तेच म्हटलं, "अक्का, कंत्राटी माणसाचा सेवानिवृत्तीचा आदेश निघत नाही ना."

त्या म्हणाल्या, "मंग पैसा लेवाना आदेश शे का?"

आणि पदराची गाठ सोडून पाचशेची नोट माझ्या हातावर ठेवली. मी ती घेतली. पावतीही दिली.

विषमतेवर मी पारोळ्यापासून बोदवडपर्यंत चाळीस तरी भाषणं ठोकली आहेत. टाळ्या भरपूर मिळाल्या. पण हिशेब त्या रात्री पहिल्यांदा केला. नऊ निरोप म्हणजे साडेचार हजार. प्राचार्यसाहेब, तुमच्या एका महिन्याच्या पगाराचे ते सव्वादोन टक्के. ताईबाईंचे पंधरा दिवस. आणि त्या बदल्यात त्यांना काय? आपण शाल पांघरून गेलो की सभागृह झाडायचं. ज्या देशात गरिबाकडून घ्यायला आदेश लागत नाही आणि त्याला द्यायला लागतो, त्या देशाचं नाव सरांनी कधी शिकवलं नाही. तो देश आपण स्टाफरूममध्ये चालवतो. अर्थमंत्री सोनवणे सर, वसुली अधिकारी मी.

सर, तुमच्यावर माझा राग नाही. विषमता ओळखायला तुम्हीच शिकवलंत. फक्त ती फिनलंडहून पाहिली की स्पष्ट दिसायची, यादीवर दिसली नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही पाचशे रुपये देऊन ऐकून घेतलंत, दोघांचेही आभार. माझ्या बोलण्यानं व्यासपीठावरच्या एखाद्या शालीला सुरकुती पडली असेल तर तेवढी क्षमा करावी.

सर, हा कोरा कागद आणि हे पेन. शाल स्वीकारण्याआधी तुमच्या हातानं शेवटची यादी लिहा. माथ्यावर: तीस तारीख, ताईबाईंचा निरोप, प्रत्येकी पगाराचा अर्धा टक्का. पहिलं नाव प्राचार्यांचं, एक हजार रुपये. बाकीच्यांनी जेवणाकडे वळण्याआधी इथं येऊन सही करायची आहे.

वसुलीला मी दारात उभा राहतो.