काकांच्या पायाखालचं कूलंट

आमच्या घरात एक नियम आहे. गाडीत ड्रायव्हरशेजारी फक्त मोठे काका बसतात, आणि का ते विचारायचं नाही.

तर मी रोज मुदखेडला नोकरीला जायची त्या आमच्या जुन्या गाडीतलं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट दर आठवड्याला कमी व्हायचं, पण खाली एक थेंब दिसायचा नाही. मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. काका म्हणाले, "भंगारात घाला. पोरीनं मुदखेडची नोकरी सोडावी."

रागानं मी गॅरेजातच काकांच्या सीटवर जाऊन बसले. पायाखालचं कार्पेट ओलं, चिकट, गोडसर वासाचं.

"काका, हे कधीपासून ओलं हाय?"

"लई दिवस झाले. एसीचं पाणी असंल."

"थंडीत एसी? हिटर गळून राहिलाय!"

मिस्त्री हसला. "ताई, नांदेडात हिटर कोण लावतं?"

"नाही लावला तरी त्यातून कूलंट फिरतंच ना, भाऊ?"

त्याचं हसू थांबलं. त्यानं हिटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडले, हिटरच वगळून टाकला. महिना झाला, कूलंट जागचं हललं नाही.

परवा बाबा गाडी काढत होते, मी त्यांच्या शेजारी बसले होते. काका म्हणाले, "उठ आता माझ्या सीटवरून."

"न्हाई उठत. इतके दिवस तुमचे पाय भिजले, तुम्ही एकदा तरी खाली वाकून बघितलं?"

बाबांनी गाडी सुरू केली. काकांनी मागचं दार उघडलं.