माणूस कधी मरंल त्येचं गणित

माझी सोयरीक माझ्याच मामानं जवळजवळ मोडली होती, हे सांगितलंय का तुम्हाला? कोल्हापुरात तेव्हा कॉम्प्युटर नवा नवा आलेला. मी एकाच वेळी विमागणित आणि कॉम्प्युटर असं दोन्ही शिकत होतो, आणि घरात दोन्हीतलं कुणाला काही कळत नव्हतं. अशात जयसिंगपूरला मुलगी बघायला गेलतो. मुलीच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, विचारलं, "पावणं, शिकताय काय?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "माणूस कधी मरंल त्येचं गणित. आन आता मशीनवर बी करायला शिकतोय."

आबांनी पोह्याची बशी खाली ठेवली. "म्हंजे ज्योतिषी?"

"नाही हो," मी म्हणालो. "एकट्या माणसाचं नाही सांगता येत. हजार माणसं घेतली, तर वर्षात त्यातली साधारण किती जातील, एवढंच कळतं. विमा कंपनीला लागतं ते."

"हजार माणसांचं मरण काढताय, आन वर माझी पोरगी मागताय व्हय?"

मामा चपला शोधायला लागला. मी मात्र हललो नाही, कारण मुलगी मला आवडली होती. तेवढ्यात, इतका वेळ मान खाली घालून बसलेली तीच बोलली.

"एक इचारू? बाईमाणूस जास्त जगतंय का बाप्यामाणूस?"

आता शिकलेलं खोटं कसं सांगायचं? मी म्हणालो, "बाईमाणूस."

तिनं वडिलांकडं बघितलं. "आबा, चालतंय की मला."